यादीतलं पहिलं पुस्तक

बेसबॉलचा एकही सामना मी आजवर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला नाही. तिसऱ्या-चौथ्या डावात माझं लक्ष उडतं. पण हा खेळ सुरू कसा झाला यावरची नऊ पुस्तकं मी वाचली आहेत, त्यांतली तीन तर दोनदा. ऑफिसात कोणी हा विषय काढला की मी इतकं बोलतो की लोक कॉफीचा कप घेऊन हळूच आपापल्या जागी जातात. त्यांना वाटतं, या माणसाला खेळाचं वेड आहे. वेड वगैरे काही नाही. माझ्या मुलीशी मी वाईट वागलो आणि मग ती पुस्तकं वाचत बसलो, एवढंच आहे.

आम्ही पुण्याहून अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला आलो २००१ च्या उन्हाळ्यात. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. इथल्या शाळेत पहिले चार महिने ती कोणाशी बोलत नव्हती, आणि मग एकाएकी बेसबॉलबद्दल बोलायला लागली. पुढच्या उन्हाळ्यात संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर रेडिओ लावून ती सामने ऐकायची. समोर वही. वहीत चौकटी आखून प्रत्येक चेंडूची खूण करायची. बायको पोळ्या लाटायची आणि मधून मधून विचारायची, "आउट झाला का गं तो?" मी मात्र आल्या आल्या म्हणायचो, "आवाज कमी कर. रेडिओ ऐकून कोणाचं भलं झालंय?" माझे वडीलही नगरला क्रिकेटची कॉमेंट्री अशीच बंद करायचे, आणि तेव्हा मी दाराआड जाऊन रडलो होतो. ते मला त्या वेळी आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी आवाज कमी करायलाच सांगितलं असतं, असं आता वाटतं.

सहावीत, २००३ च्या वसंतात, तिच्या शाळेत इतिहासाचं प्रदर्शन ठरलं. प्रत्येक मुलाने एक प्रश्न घ्यायचा, त्यावर वाचायचं, आणि तीन घड्यांच्या मोठ्या पुठ्ठ्यावर उत्तर मांडायचं. हिने प्रश्न घेतला, बेसबॉल कोणी शोधला? शाळेच्या लायब्ररीतल्या बाईंनी तिला एक झेरॉक्सचा कागद दिला. बेसबॉलच्या आरंभकाळावरची वाचनासाठी सुचवलेली पुस्तकं, एकूण नऊ. प्रत्येकाखाली बारीक तिरप्या अक्षरात दोन-दोन ओळी.

इथे मला माझ्या एका समजुतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. यादीवर 'रेकमेंडेड' असा शब्द होता. मराठीत त्याला शिफारस म्हणतात हे मला माहीत होतं, पण मी ज्या जगात वाढलो तिथे शिफारस माणसाची व्हायची, नोकरीसाठी, ओळखीतल्या साहेबाकडे. पुस्तकं शिफारस केलेली नसत, नेमलेली असत. नेमलेल्या पुस्तकात असेल ते खरं. नेमलेल्या यादीत पहिलं असेल ते मुख्य, बाकीची जोडीला. पुस्तकाला चुकून पाय लागला तर आम्ही नमस्कार करायचो. अशा पुस्तकात चूक असेल अशी शंका मला कधी आलीच नाही. ती यादी हातात पडली तेव्हा मी ती तशीच वाचली. बारीक अक्षरातल्या ओळी मला प्रकाशकाच्या जाहिरातीसारख्या वाटल्या. त्या मी वाचल्या नाहीत.

आणखी एक. त्या वर्षी ऑफिसात दर महिन्याला कोणाचं तरी टेबल रिकामं होत होतं. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला. सकाळी ओळखपत्र दाराला लावताना हिरवा दिवा लागेपर्यंत मी श्वास धरायचो. घरात तरी एखादी गोष्ट शंभर टक्के बरोबर व्हावी, असं मला फार वाटत होतं. ही सबब म्हणून सांगत नाही. तेव्हाचा माझा जीव असा होता, एवढंच.

शनिवारी मी गावाच्या लायब्ररीत जाऊन यादीतली सहा पुस्तकं आणली. मुलीने त्यातली तीन शाळेतून आणून आधीच वाचली होती, पण ते मी विचारलंच नाही. मी सोफ्यावर बसून पहिल्या क्रमांकाचं पुस्तक उघडलं. निळं कापडी बांधणीचं, कडा झिजलेलं, शंभरेक वर्षांपूर्वीचं. त्यात उत्तर सरळ होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यात एका तरुणाने काठीने जमिनीवर मैदान आखलं आणि हा खेळ सुरू केला. तो तरुण पुढे सेनापती झाला. सन होता, गाव होतं, माणसाचं नाव होतं. परीक्षेत पाच गुणांना विचारावं असं उत्तर. मला इतकं हलकं वाटलं की मी दुसरं पुस्तक उघडलंच नाही.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर तिचा पुठ्ठा उघडा पडला होता. वर प्रश्न. मधोमध जांभळ्या मार्करने, तिच्या जरा डावीकडे कललेल्या अक्षरात, इंग्रजीत उत्तर. त्याचा अर्थ असा होता: "कोणीच नाही. मुलं आधीपासून खेळत होती. काहीतरी फुटलं तेव्हा मोठ्यांचं लक्ष गेलं."

"हे काय आहे?" मी विचारलं.

"उत्तर."

"कोणी शोधला याचं उत्तर कोणीच नाही?"

"हो. एका पुस्तकात आहे, जुन्या गावांमध्ये नियम होते, इथे बॉल खेळू नका, तिथे खेळू नका. म्हणजे पोरं खेळत होती ना आधीच. नाहीतर नियम कशाला करतील?"

"अगं, परीक्षेत विमानाचा शोध कोणी लावला विचारलं तर कोणीच नाही लिहिशील?"

"बाबा, इट्स नॉट अ‍ॅन एक्झाम."

मी निळं पुस्तक आणून तिच्यापुढे उघडलं. पानावर बोट ठेवलं. "हे बघ. छापलंय. नाव आहे, साल आहे."

"ते जुनं आहे."

"जुनं आहे म्हणून तर खरं. त्या काळाच्या जवळचं आहे."

"नो, बाबा. त्या लिस्टवर बघ ना, खाली काय लिहिलंय..."

"लिस्टचं मला सांगू नकोस. तुझ्या लिस्टमध्येच एक नंबरला आहे हे पुस्तक. एक नंबर!"

तिने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. तेवढ्यात मैत्रिणीच्या आईने बाहेर हॉर्न वाजवला. मुलीचा सॉफ्टबॉलचा सराव होता. तिने ग्लोव्ह उचलला आणि गेली.

ती गेल्यावर मी जे केलं ते बारीकसारीक तपशिलासकट आठवतं. कपाटातून पांढरा जाड कागद काढला. पट्टीने मोजून तिच्या उत्तरावर बरोबर बसेल एवढी पट्टी कापली. पेन्सिलने दोन फिक्या रेघा मारल्या आणि त्यांच्यामध्ये काळ्या पेनाने मोठ्या अक्षरात सेनापतीचं नाव, गाव, साल लिहिलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या तासाला आम्हाला लेटरिंग शिकवलं होतं. सरळ उभी, एका जाडीची, एका उंचीची अक्षरं. माझं लेटरिंग वर्गात सगळ्यांत चांगलं होतं. पंचवीस वर्षांनी ते पुन्हा तसंच उतरलं आणि मला, खरं सांगतो, आनंद झाला. मग मागे डिंक लावून मी ती पट्टी तिच्या वाक्यावर चिकटवली. कडा नखाने दाबून घेतल्या.

बायको म्हणाली, "विचारायचं तरी तिला."

"वेळ आहे का? बुधवारी प्रदर्शन आहे."

"अजून तीन दिवस आहेत."

"तू मध्ये पडू नकोस."

मुलगी परत आली. गुडघ्यांना माती. पुठ्ठ्यापुढे थोडा वेळ उभी राहिली. बोटाने पट्टीची कड चाचपली. मला वाटलं, आता भांडेल, आणि मी भांडायला तयार होतो. ती म्हणाली, "ओके." आणि हात धुवायला गेली. त्या 'ओके'चा मला त्या दिवशी विजय वाटला.

बुधवारी संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये रांगेने टेबलं मांडली होती. प्रत्येक मुलाशी बोलायला परीक्षक येत होते. आमच्या टेबलाशी आले ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक होते, सत्तरीचे, डोक्यावर बेसबॉलचीच टोपी. नगरला आईला पाठवायचं म्हणून मी तीन पावलांवर उभा राहून कॅमकॉर्डरवर चित्रण करत होतो. ते गृहस्थ वाकून वाचत होते. सेनापतीच्या ओळीपाशी थांबले.

"हे तुला कुठल्या पुस्तकात मिळालं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मुलीने पुठ्ठ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

एवढंच मला करायचं होतं की पुढे यायचं आणि म्हणायचं, हे मी लिहिलंय. तीन शब्द. मी कॅमेऱ्याच्या त्या छोट्या पडद्यात बघत राहिलो. पडद्यात ती दोन इंचांची दिसत होती. मी झूम करून फ्रेम नीट केली.

"ती माझी चूक आहे," ती म्हणाली.

"पुष्कळांची होते," ते मायेने म्हणाले. मग त्यांनी ते अक्षर पुन्हा एकदा पाहिलं, आणि कॅमेऱ्याच्या वर, माझ्या कपाळाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शेऱ्याचा कागद घरी आला. त्यावर लिहिलं होतं, अक्षर सुंदर आहे, पण विद्यार्थिनीचं स्वतःचं मत काय ते समजलं नाही. मी तो कागद घडी करून खिशात घातला. गाडीत बसल्यावर पुन्हा वाचला. राग आला, पण कोणाचा ते ठरेना. परीक्षकांचा? पुस्तकाचा? शाळेचा? ही कसली शाळा, जिथे यादीतलं पहिलं पुस्तक वाचून मुलगी चुकते!

हाच राग घेऊन मी पुढच्या आठवड्यात शाळेच्या लायब्ररीत गेलो. यादी करणाऱ्या बाई पुस्तकांना शिक्के मारत होत्या. मी यादी त्यांच्यापुढे ठेवली आणि होईल तेवढ्या सौम्य शब्दांत विचारलं, की चुकीचं पुस्तक तुम्ही पहिल्या क्रमांकावर कसं काय ठेवलंत?

त्यांनी चष्मा वर केला. "पहिल्या क्रमांकावर म्हणजे? ही जुन्यापासून नव्यापर्यंत लावलीय. ते सगळ्यांत जुनं आहे." मग त्यांनी त्या बारीक तिरप्या ओळींवर पेन्सिल टेकवली. "आणि हे लिहिलंय ना इथे. दंतकथा कशी तयार होते हे पाहण्यासाठी आधी हे वाचा, मग उरलेली."

मी ओळ वाचली. तीच होती. कागदावर पहिल्यापासून होती.

"पण चुकीचं आहे तर ठेवायचं कशाला यादीत?"

"लोकांनी ते शंभर वर्षं खरं मानलं," त्या म्हणाल्या. "लोकांनी काय मानलं, तोही इतिहासच की." मग हसून त्यांनी विचारलं, "तुमच्या मुलीला कुठलं आवडलं? ती मला सांगत होती, खिडक्यांबद्दल काहीतरी."

मी म्हणालो, तिला सगळीच आवडली. खोटं बोललो. खिडक्यांबद्दल ती काय सांगत होती हे मला माहीतच नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मुलीला सांगायचं होतं. सांगितलं नाही. मी ठरवलं, आधी सगळी पुस्तकं वाचतो, तिचं उत्तर बरोबर होतं याचा पक्का पुरावा मिळवतो, आणि मग सांगतो. पुराव्यासकट क्षमा मागणं मला जास्त सोपं वाटलं.

ते वाचन म्हणजे नुसता वैताग होता. मला एक उत्तर हवं होतं आणि प्रत्येक पुस्तक आधीच्या पुस्तकाचं उत्तर काढून घेत होतं. सेनापतीची गोष्ट म्हणे एका म्हाताऱ्याच्या पत्रावर उभी होती, आणि खुद्द सेनापती आयुष्यात या खेळाबद्दल कधी काही बोलला नव्हता. मग एकाने न्यूयॉर्कच्या क्लबांना श्रेय दिलं. दुसऱ्याने म्हटलं, त्यांनी फक्त नियम लिहून काढले. तिसऱ्याने इंग्लंडमधल्या लहान मुलांच्या एका जुन्या पुस्तकाकडे बोट दाखवलं, त्यात तर हा शब्द छापलेलाच होता. मी शनिवारी सकाळी वही घेऊन बसायचो, तक्ते करायचो, बाण काढायचो, आणि दुपारी ते पान फाडायचो. क्रिकेटमधून हा खेळ निघाला असं निदान कुणीतरी म्हणेल अशी एक आशा होती. तीही गेली.

एका पुस्तकात मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या खेळाचं वर्णन होतं. आम्ही राहतो त्याच भागातलं. मैदानाच्या कोपऱ्यांना लाकडी खुंट, आणि पळणाऱ्याला बाद करायचं तर चेंडू नेम धरून त्याच्या अंगावरच मारायचा. ते पान वाचताना माझ्या पाठीत एकदम कळ आल्यासारखं झालं. नगरला आमच्या बोळात लगोरी खेळताना रबरी चेंडू असाच बसायचा, ओल्या पाठीवर तर सणसणीत. सगळ्या पुस्तकांत मला मनापासून समजलेली ती एकच गोष्ट. ती मी मुलीला सांगायला हवी होती. मी समासात पेन्सिलने खूण केली आणि पुढे गेलो, कारण त्यात पुरावा नव्हता.

मधल्या काळात आईने नगरहून फोन केला. प्रदर्शनाची टेप पोहोचली होती. "काय गं बाई सुंदर अक्षर आहे पोरीचं! अगदी छापल्यासारखं. शेजारच्या काकूंना दाखवलं. त्या म्हणाल्या, वडिलांवर गेलंय." मी म्हणालो, "हो." नुसतं हो.

मग २००४ च्या वसंतात वर्तमानपत्रात बातमी आली. आमच्याच राज्याच्या पश्चिम टोकाला, पिट्सफील्ड गावात, १७९१ सालचा एक ठराव सापडला होता. गावाने नवं सभागृह बांधलं होतं आणि त्याच्या खिडक्यांच्या काचा फुटू नयेत म्हणून आसपास चेंडूचे खेळ खेळायला बंदी घातली होती. बंदी घातलेल्या खेळांच्या यादीत बेसबॉलचं नाव स्पष्ट लिहिलेलं. सेनापती तेव्हा जन्मालाही आला नव्हता. या देशात या खेळाचा तोपर्यंत सापडलेला सर्वांत जुना लेखी उल्लेख, आणि तो म्हणजे खेळू नका असं सांगणारा कागद.

मी ऑफिसात खुर्चीवरून उठून उभा राहिलो. पुण्यात आमच्या सोसायटीच्या गेटवर पाटी होती, आवारात क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे. ती पाटी उद्या दोनशे वर्षांनी कोणाला सापडली तर तो हेच म्हणेल की इथे मुलं क्रिकेट खेळत होती. बारा वर्षांच्या मुलीने हे एका वाक्यात लिहिलं होतं, आणि मी त्याच्यावर डिंक लावला होता.

कात्रण घेऊन मी घरी लवकर आलो. मुलगी तेरा वर्षांची झाली होती. कानात इयरफोन. ओट्यावरचा रेडिओ कधीच कपाटात गेला होता. तो कधी गेला हेही मला सांगता येणार नाही.

"हे बघ! तू म्हणालीस तसंच निघालं. काचा!"

तिने एक इयरफोन काढला, कात्रण वाचलं, परत दिलं. "कूल."

"कूल काय? तुझं उत्तर बरोबर होतं!"

"आय नो, बाबा." तिने इयरफोन परत घातला. "आय डोन्ट रिअली डू बेसबॉल एनीमोर."

त्या शरद ऋतूत आमच्या भागातली बेसबॉलची टीम कित्येक पिढ्यांनंतर अजिंक्यपद जिंकली. ऑफिसात म्हातारे लोक डोळे पुसत होते. आमच्या घरात कोणी टीव्ही लावला नाही.

मी हार मानली नाही, हा माझा आणखी एक दोष. तिच्या चौदाव्या वाढदिवसाला बेसबॉलच्या इतिहासाचं एक पुस्तक दिलं. पंधराव्याला दुसरं. पानांमध्ये खुणेच्या चिठ्ठ्या घालून, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारून. ती 'थँक्स' म्हणायची आणि पुस्तक कपाटात उभं करायची. सोळाव्याला मी तिसरं पुस्तक रंगीत कागदात बांधत होतो तेव्हा बायको दारात उभी राहिली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तू तिची माफी मागतोयस की तिला परत अभ्यास देतोयस?"

मी रागाने चिकटपट्टी कापली. ती वाकडी कापली गेली. पुस्तक तसंच दिलं.

२००८ च्या ऑगस्टमध्ये मुलगी कॉलेजला निघाली. त्याआधीच्या एका रविवारी सकाळी आम्ही दोघं तळघर आवरत होतो. पाण्याच्या टाकीमागे तो पुठ्ठा सापडला. ओल लागून खालची बाजू फुगली होती. मी तो उघडून भिंतीला टेकवला. काळी अक्षरं तशीच होती, सरळ उभी, एका उंचीची. जरासुद्धा फिकी झाली नव्हती.

मला वाटलं, हीच वेळ. मी सगळं सांगायला लागलो. यादीबद्दल, बारीक ओळींबद्दल, नेमलेल्या पुस्तकांबद्दल, लायब्ररीतल्या बाईंशी खोटं बोललो त्याबद्दल. "तुझं उत्तर बरोबर होतं," मी म्हणालो, "आणि मी ते चुकीच्या उत्तराने झाकलं. पाच वर्षं मला हे खातंय. म्हणून ती सगळी पुस्तकं..."

ती पायरीवर बसून ऐकत होती. "बाबा," ती म्हणाली, "मला उत्तराचं काही नव्हतं."

"म्हणजे?"

"उत्तर चुकलं असतं तरी चाललं असतं. माझंही चुकू शकलं असतं. त्या माणसाने विचारलं, तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. आणि तू कॅमेऱ्यात बघत होतास." ती मराठीत बोलत होती, जरा अडखळत, शब्द शोधत. "मला वाटलं, तू आता कॅमेरा खाली करशील. खूप वेळ वाटलं."

पाच वर्षं नऊ पुस्तकांतून मी जे निस्तरत होतो, ते तिच्या लेखी घडलंच नव्हतं. घडलं होतं ते दुसरंच, आणि त्याबद्दल कुठल्याही पुस्तकात एक ओळसुद्धा असणं शक्य नव्हतं. मला स्वतःचा इतका संताप आला की काहीतरी करायला हवं म्हणून मी त्या पट्टीचं टोक नखाने उचकटलं आणि ओढलं.

"हळू, बाबा!"

पट्टी निघाली, पण पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा घेऊनच निघाली. खाली नुसता तपकिरी, खरबरीत चट्टा. जांभळ्या मार्करचा एखादा ठिपका इकडे, एखादी रेघ तिकडे. तिचं वाक्य गेलं होतं. या वेळी मी ते खरोखरच काढून टाकलं होतं.

मी पट्टी हातात धरून उभा. मुलगी हसायला लागली. मला हसू आलं नाही, पण ती कितीतरी वेळ हसत होती, गुडघ्यावर कपाळ टेकून.

"सॉरी," मी म्हणालो. "मी घाबरलो होतो. तिथे सगळे इंग्रजी बोलणारे लोक, तो माणूस... मला लाज वाटली. माझी लाज तुझ्यावर ढकलली."

तिने डोळे पुसले. "आजीला सांगितलंस?"

"काय?"

"अजून मला दर वेळी फोनवर म्हणते, तुझं अक्षर छापल्यासारखं. मी पण हो म्हणते. पाच वर्षं!" तिने फोन पुढे केला. "आत्ता सांग. स्पीकरवर."

नगरला संध्याकाळचे सात वाजले होते. आई देवापुढे दिवा लावून बसली असणार. मी नंबर लावला. तिची चौकशी सुरू व्हायच्या आत मी म्हणालो, "आई, त्या टेपमधलं अक्षर हिचं नाही. माझं आहे. हिने लिहिलेलं उत्तर मी झाकून टाकलं आणि वरून माझं लिहिलं. ते चुकीचं होतं. आणि तिथे विचारलं तेव्हा मी गप्प बसलो."

मग आई म्हणाली, "बरं. मग तिने काय लिहिलं होतं खाली?"

मी तोंड उघडलं. पण मुलीने हात वर केला आणि फोनजवळ आली.

"आजी, मी लिहिलं होतं, कोणीच नाही शोधला तो गेम. मुलं आधीच खेळत होती. काच फुटली की मोठ्या माणसांना कळतं."

"मग बरोबरच आहे की!" आई म्हणाली. "लगोरी कोणी शोधली? आम्ही आपलं खेळायचो. मी एकदा मास्तरांच्या खिडकीची काच फोडली होती, तुझ्या बाबाला हे माहीत नाही."

"लगोरी म्हणजे काय?"

मी चमकून मुलीकडे पाहिलं. तिला माहीत नव्हतं. कोण सांगणार होतं?

"अगं, फुटक्या कौलाच्या ठिकऱ्या घ्यायच्या," आई सांगायला लागली. "नऊ. एकावर एक रचायच्या..."

नऊ नाही, सात. आमच्या बोळात कायम सात असायच्या. मी बोलणारच होतो, तेवढ्यात मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं, ती फाटकी पट्टी खिशात घातली, आणि तिच्या शेजारी पायरीवर बसून नऊ ठिकऱ्यांची लगोरी शेवटपर्यंत ऐकली.